खोलीबाहेर गेलेलं वाक्य

माझ्या मोठ्या मावशीचा कोणावर पटकन विश्वास बसत नसे. दुकानदार नेहमीपेक्षा गोड बोलला की ती घरी येऊन सामान पुन्हा तोलून बघायची. फोनवर राँग नंबर लागला तर "हा नंबर तुम्हाला कोणी दिला" असं विचारून विचारून समोरच्याला रडकुंडीला आणायची. काका, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, "साक्षात देव दारात उभा राहिला तरी ही आधी ओळखपत्र मागेल." मावशी हसायची नाही. "मागेनच," म्हणायची. "खरा असला तर दाखवेल."

हा स्वभाव तिच्या नोकरीला मात्र शोभून दिसायचा. ती एका मोठ्या शाळेच्या नियामक मंडळाची कारकून होती. मंडळावरची माणसं बिनपगारी. अध्यक्षांची लाकडाची वखार होती, एक बाई दातांच्या डॉक्टर होत्या, बाकी कोणी पालक, कोणी निवृत्त. सगळे आपापला व्याप सांभाळून यायचे, त्यामुळे नियम कोणाला पाठ नसत आणि घाई प्रत्येकाला असे. बैठक बोलवायची, विषयपत्रिका पाठवायची, पुरेशी माणसं जमली की नाही ते बघायचं, गाडी रुळावरून घसरली की अध्यक्षांच्या कानाशी लागून "साहेब, विषय वेगळा आहे" म्हणायचं आणि शेवटी काय ठरलं ते लिहायचं, हे मावशीचं काम. तिला मत नव्हतं. म्हणजे मनात होतं, मंडळात नव्हतं.

बैठक पहिल्या मजल्यावरच्या लांब खोलीत व्हायची. एका भिंतीला ढालींचं कपाट, दुसऱ्या बाजूला खिडक्या, त्यातून खाली सायकल स्टँड आणि फाटक दिसायचं. मावशी अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसायची. सगळे गेले की खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, कपाटाला कुलूप घालायचं आणि मगच खाली उतरायचं, असा तिचा शिरस्ता होता. घरी आल्यावर काका विचारायचे, "आज काय झालं मंडळात?" मावशीचं उत्तर ठरलेलं होतं: "बैठक झाली."

त्या वर्षी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी खऱ्या अर्थाने दोनच नावं पुढे होती. एक बाहेरच्या शाळेतल्या बाई, कामाचा मोठा उरक असलेल्या. दुसरे याच शाळेचे उपमुख्याध्यापक. ते भूगोल शिकवायचे, म्हणून मुलांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भूगोलसर म्हणत. सर आणि काका जुने मित्र होते, रोज सकाळी दोघं मिळून फिरायला जात. शाळेत सर मावशीला "बाई" म्हणायचे, घरी आले की "वहिनी". हे सगळं मावशीने अध्यक्षांच्या कानावर आधीच घातलं होतं. "साहेब, सरांचं आमच्याकडे येणं-जाणं आहे. तुम्हाला ठाऊक असावं."

अध्यक्ष म्हणाले होते, "बाई, तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?"

तो विषय निघाला तेव्हा मोठ्या बाई आपणहून उठून गेल्या. शिपायाने पाण्याचे पेले ठेवले, मावशीने त्याला बाहेर जायची खूण केली, दार लावलं. चर्चा बराच वेळ चालली. सरांच्या बाजूने दोघं-तिघं बोलले. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते नकाशावर बोट ठेवून बसणारे आहेत. गाडी हाकणारे नाहीत." कोणी हसलं. मावशीने पेन खाली ठेवलं. असली वाक्यं लिहायची नसतात, ती खोलीतच जिरवायची असतात.

पण वाक्य जिरलं नाही. त्याच आठवड्यात भूगोलसर परीक्षेचं वेळापत्रक द्यायला मावशीच्या टेबलापाशी आले आणि देऊन झाल्यावरही उभेच राहिले.

"बाई, एक विचारू? नकाशावर बोट ठेवून बसणारा माणूस शाळेला चालत नाही का हो?"

मावशीने वेळापत्रक बाजूला ठेवलं. "कोण म्हणालं असं?"

"ते तुम्हाला माहीत. खोलीत तुम्ही होतात, मी नव्हतो." सरांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

बातमी अध्यक्षांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, तब्येतीची चौकशी केली. मावशी ओळखून चुकली. कोणी कारण नसताना तब्येत विचारली की समजावं, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

"खोलीत आम्ही सगळे आणि तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. "आता मंडळाची माणसं काही आपल्याच पायावर धोंडा मारून घेणार नाहीत."

"मग मी मारून घेईन का, साहेब?"

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणाला नाहीत. पण सगळी माणसं वगळली की उरतं कोण?"

अध्यक्षांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "पुढच्या वेळी त्या विषयापुरतं तुम्ही बाहेर बसा. काय ठरलं ते आम्ही सांगू, मग लिहा. तुमच्याच दृष्टीने बरं ते."

इतकी वर्षं जी दार लावत आली, तिलाच दाराबाहेर काढलं. मावशी हे सांगताना आजही समोरच्या वाटीकडे बघते, माझ्याकडे नाही. शिक्षकांच्या खोलीत ती काही कामाने शिरली की बोलणं मध्येच थांबायचं आणि कोणीतरी पंख्याबद्दल बोलायला लागायचं. पंखा व्यवस्थित फिरत असायचा.

तिने ठरवलं की हे कोणी केलं ते शोधायचंच. आणि एकदा शोधायचं ठरवल्यावर तिला जो तो चोर दिसायला लागला. शिपाई पाण्याचे पेले भरताना उगाच रेंगाळतो का, हे ती तिरक्या डोळ्याने बघायची. टेबलाच्या ड्रॉवरच्या फटीत कागदाचा बारीकसा कपटा अडकवून ती घरी जायची आणि सकाळी आल्यावर आधी तो जागेवर आहे का ते बघायची. एकदा तो खाली पडलेला दिसला. दिवसभर ती सफाईवाल्या बाईशी बोलली नाही. संध्याकाळी तिला आठवलं की आदल्या दिवशी निघताना चष्मा घ्यायला आपणच ड्रॉवर पुन्हा उघडला होता.

फाटकावरच्या वॉचमनला तिने विचारलं, "त्या दिवशी बाहेरचं कोणी शाळेत आलं होतं?"

"नाही बाई," वॉचमन म्हणाला. "बाहेरचं चिटपाखरूही नाही."

मग तिचा संशय डॉक्टरबाईंवर गेला. वाक्य त्यांचं. शाळेतले निम्मे शिक्षक त्यांच्याकडेच दात दाखवायला जात. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसापुढे आपण काय वाट्टेल ते बोलतो, कारण तो उलट बोलू शकत नाही. मावशीने लगेच वेळ घेतली आणि चांगला धडधाकट दात घेऊन दवाखान्यात गेली. खुर्चीत पडून, वरच्या दिव्याकडे बघत ती कान टवकारून राहिली. डॉक्टरबाई शाळेबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. सगळे दात निरखून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "किडलेला एकही नाही. पण झिजलेत. झोपेत दात खाता का हो तुम्ही?"

"मला कसं कळणार? मी झोपलेली असते."

"यजमानांना विचारा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी येऊन तिने खरंच विचारलं. काका शर्टाचं बटण लावत बसले होते, सुईत दोरा जात नव्हता म्हणून वैतागले होते. "दात खातेस की नाही ते माहीत नाही," ते म्हणाले. "बोलतेस मात्र कधीकधी. परवा चांगलं ठणकावून म्हणालीस, 'पुढचा विषय'."

काका हसले. मावशी हसली नाही. सुईदोरा तिने काकांच्या हातातून घेतला, दोरा ओवून दिला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. झोपेत आपण आणखी काय बोलतो? आणि ते ऐकतं कोण? आणि ते ऐकणारा माणूस रोज सकाळी कोणाबरोबर फिरायला जातो?

एकदा किल्ली बसली की सगळी कुलपं उघडायला लागतात, चुकीचीसुद्धा. काकांचं फिरणं अलीकडे लांबत चाललं होतं. फोन आला की ते गॅलरीत जाऊन बोलायचे. ती आत आली की, "बरं, ठेवतो" म्हणायचे. सरांचं नाव घरात पूर्वी दिवसातून दहादा निघायचं, ते एकाएकी निघेनासं झालं होतं. मावशीने कंबरदुखीचं निमित्त काढलं आणि आपली उशी दुसऱ्या खोलीत नेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यावर पाळत ठेवायची म्हणजे काय, हे तिला कळत होतं. पण जिच्यावर सगळे संशय घेतात तिला स्वतःचा संशय हाच एक आधार वाटायला लागतो.

शेवटी तिने एक बेत केला. दोरीवरचे कपडे काढून ती घड्या घालत होती, काका टॉवेलचं दुसरं टोक धरून मदत करत होते. ती सहज बोलल्यासारखं बोलली, "तुमच्या मित्राचं काही खरं नाही हं. बाहेरच्या बाईंचं आधीच नक्की झालंय. मुलाखत वगैरे नुसता देखावा. मोठ्या बाईंच्या खोलीला त्यांच्या पसंतीचा रंगसुद्धा ठरलाय. मोतिया."

यातला एक शब्द खरा नव्हता. रंगाचं तर तिने मुद्दाम घातलं होतं, खूण म्हणून. कुठूनही 'मोतिया' ऐकू आला की तो या घरातून गेलाय हे तिला कळणार होतं.

काका टॉवेल धरून थांबले. "आज सूर्य कुठून उगवला? तू आणि मंडळातलं सांगतेस?"

"कोणाला बोलू नका."

"मी कोणाला बोलणार?" काका म्हणाले आणि टॉवेलची घडी चुकवली.

पुढची बैठक आली. बंद दाराचा विषय आला तसा अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मावशी उठली. बाहेर व्हरांड्यात स्टुलावर शिपाई बसला होता, त्याने बाजूला सरकून जागा केली. पण दाराबाहेर बसलं तर उद्या लोक म्हणणार, दाराला कान लावून होती. म्हणून ती सरळ जिना उतरून खाली गेली, सायकल स्टँडजवळच्या बाकावर बसली आणि फाटकावरच्या वॉचमनला म्हणाली, "मी इथे बसलेय, तुम्ही बघून ठेवा. कोणी विचारलं तर सांगता येईल."

"बसा की बाई. कोण कशाला विचारतंय?"

मुलं केव्हाच घरी गेली होती. वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग एकेक सदस्य उतरले आणि गेले. डॉक्टरबाईंनी तिला बाकावर बसलेलं पाहून नजर चुकवली. सगळ्यांत शेवटी अध्यक्ष आले. बाक स्टँडच्या खांबाआड होता, त्यांना मावशी दिसली नाही. ते गाडीत बसले, उकडत होतं म्हणून काचा खाली केल्या आणि फोन लावला.

"अगं, मी बोलतोय. झाली बैठक. हो, हो. तिघं सरांकडे झुकलेत. डॉक्टरबाई काही ऐकत नाहीत. मी म्हटलं मुलाखत होऊ दे, मग बघू. काय म्हणालीस? मोठ्याने बोल."

वखारीत करवतीच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस. पलीकडचं ऐकू यावं म्हणून फोन कानावर दाबून धरलेला आणि आवाज असा की स्टँडमधल्या सायकलींच्या घंट्या वाजाव्यात. बैठकीत कोण काय बोललं, कोणाचा चेहरा कसा झाला, सगळं साग्रसंगीत. मावशी जागची हलली नाही. बोलणं संपलं, काचा वर गेल्या, गाडी फाटकाबाहेर पडली.

वॉचमन फाटक लावून परत आला. मावशीचा चेहरा बघून म्हणाला, "साहेबांचा हा नेमच आहे बाई. बैठक संपली की बाईसाहेबांना सगळं सांगतात. ऐकायला कमी येतं ना, त्यामुळे आपल्यालाही ऐकायला लागतं."

"मागच्या वेळीही?"

"मागच्या वेळी तर खेळाचे सर माझ्यापाशीच उभे होते. नकाशाचं काहीतरी होतं. फार हसले."

मावशीने डोळे मिटून घेतले. खेळाच्या सरांच्या पोटात पाणीही टिकत नसे. "मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, बाहेरचं कोण आलं होतं," वॉचमन म्हणाला. "साहेब काय बाहेरचे आहेत?"

इतक्या बैठका झाल्या, पण दर वेळी ती वर कुलपं लावत असायची. खाली उतरेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि पहिलं काम म्हणजे उशी पुन्हा आपल्या जागी नेऊन ठेवली. काकांनी पाहिलं. "कंबर बरी झाली वाटतं."

"झाली," मावशी म्हणाली. तिला काकांना सगळं सांगायचं होतं. खोलीच्या रंगाचं खोटं होतं, हेही. पण ते सांगायचं तर का खोटं बोलले ते सांगावं लागणार, आणि का ते सांगायचं तर मी तुमच्यावर पाळत ठेवली हे सांगावं लागणार. काका जेवताना मुकाट होते. उद्या बोलू, असं म्हणून तिने ते पुढे ढकललं. इतके दिवस ती खोटी बातमी कुठेही फुटली नव्हती, आणखी एका रात्रीने काय होतंय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भूगोलसर तिच्या टेबलापाशी आले.

"बाई, माझा अर्ज मागे घ्यायचाय. काय करावं लागेल?"

"लेखी द्यावं लागेल," मावशी म्हणाली. सवयीने तोंडातून निघून गेलं. मग तिने विचारलं, "पण का?"

"खोलीला रंग कुठला द्यायचा तेसुद्धा ठरलंय म्हणे. मोतिया." सर हसायचा प्रयत्न करत होते. "निदान लोकांना सांगता येईल, मीच नको म्हणालो. संध्याकाळपर्यंत लिहून देतो."

मावशीने मोठ्या बाईंना डोकं दुखतंय असं सांगितलं आणि तडक घरी आली. काका एकटेच बसले होते. तिला अवेळी दारात पाहून त्यांना काय झालं ते कळलं असावं, कारण ते उठून उभे राहिले.

"तुम्ही सरांना सांगितलंत."

"सांगितलं," काका म्हणाले. "आज सकाळी. इतके दिवस गिळून बसलो होतो. तो मुलाखतीची उत्तरं पाठ करतो चालता चालता, शाळकरी पोरासारखा. मला म्हणतो, तू प्रश्न विचार. मी विचारायचो. आज नाही विचारवलं. म्हटलं, उगाच आस लावून बसू नकोस."

"ते खोटं होतं."

"काय खोटं होतं?"

"सगळंच. काही ठरलेलं नाही. तुमच्याकडून बाहेर जातंय का ते बघायला मी बोलले होते."

काका हळूच खाली बसले. 

"मला त्याने सगळं सांगितलं होतं, नकाशाचं ते वाक्य त्याला किती लागलं ते," काका म्हणाले. "वहिनींना कळू देऊ नकोस म्हणाला, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यासाठी मी गॅलरीत जाऊन बोलायचो." मग त्यांनी वर पाहिलं. "मला सरळ विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग?"

"मग माझा विश्वास बसला नसता."

 शाळा सुटायच्या वेळी मावशीने पायात चपला सरकवल्या. "मी सरांकडे जाते. तुम्ही येता?"

"नाही," काका म्हणाले. "मी बरोबर असलो तर तो तुझ्यावर रागावणार नाही. त्याला रागावू दे."

सर शाळेतून नुकतेच घरी आले होते. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, बाई." घरी ते तिला कधी बाई म्हणाले नव्हते. मावशीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही, पाळत ठेवल्याचंही नाही. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे मुलाखत खरी आहे?"

"खरी आहे."

"रंगबिंग काही नाही?"

"काही नाही."

सरांनी टेबलावरचा अर्धा लिहिलेला कागद घेतला आणि चार तुकडे केले. "गळ त्याच्यासाठी टाकलात, लागला मला," ते म्हणाले. "मी काही लिहून देत नाही आता. पण बाई, हे मंडळाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. आणि मला तुमची तक्रार करायची नाही."

मंडळाला सांगायच्या आधी अध्यक्षांना भेटणं भाग होतं. सरांकडूनच ती वखारीवर गेली. आत करवत चालू होती, हवेत भुसा उडत होता. अध्यक्षांनी तिला काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावलं, तरी आवाज येतच होता.

"साहेब, तुम्ही गाडीत बसून फोनवर बोलता ते बाहेर ऐकू येतं."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. या वेळी ऐकू आलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, तरी त्यांनी विचारलं, "कोणाला ऐकू येतं?"

"वॉचमनला. खेळाच्या सरांना. काल मला."

अध्यक्ष टेबलावरचा भुसा बोटाने एका बाजूला सारत राहिले. "घरचे म्हणतात टीव्ही फार मोठा लावता," ते म्हणाले. "मला वाटायचं, हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत." मग म्हणाले, "मी तुम्हाला बाहेर बसवलं."

"बसवलंत म्हणून कळलं," मावशी म्हणाली. आणि लगेच आपलं सांगून टाकलं, ते मऊ झालेत म्हणून नाही, तर आपल्यालाच पुन्हा धीर होणार नाही म्हणून.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं की बातमी त्यांच्याच तोंडून फुटली होती, आणि बाईंवर संशय घेतला ते चुकलं.  मग मावशीने बोलायची परवानगी मागितली. इतक्या वर्षांत त्या खोलीत ती स्वतःचं असं कधी बोलली नव्हती. तिने खोटं बोलल्याचं सांगितलं, त्यामुळे सर अर्ज मागे घ्यायला निघाले होते हे सांगितलं आणि मंडळ म्हणेल ते मान्य आहे म्हणून खाली बसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते वाक्य माझं होतं. मी ते त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं." एका पालकाचं म्हणणं पडलं की कारकून असं करणार असेल तर तिला ठेवायचं कशाला. दुसरा म्हणाला, मग अध्यक्षांनाही ठेवायचं कशाला. शेवटी कारकुनास लेखी समज द्यावी असं ठरलं. लिहायचं कोणी हा प्रश्नच नव्हता. मावशीने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिलं: कारकुनास समज देण्यात आली.

मुलाखती झाल्या. सरांनी उत्तरं चांगली दिली, असं सगळे म्हणाले. निवड मात्र बाहेरच्या बाईंची झाली, एका मताच्या फरकाने. सरांनी जाऊन नव्या बाईंचं अभिनंदन केलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्या हाताखाली उपमुख्याध्यापक म्हणून काम केलं. काकांबरोबरचं फिरणं थांबलं नाही. मावशीला ते पुन्हा वहिनी म्हणायला लागले, पण त्याला बराच काळ जावा लागला. अध्यक्षांनी कानाला यंत्र लावलं. मावशी बैठकीत परत आपल्या जागेवर बसायला लागली, आणि तरीही काही सदस्य नाजूक बोलायचं आलं की तिच्याकडे एक नजर टाकून मगच बोलत. आता ते विनाकारण नव्हतं हे तिला कळत होतं, म्हणून तिला त्याचा राग येत नसे.

घरी काका चिडले नाहीत, अबोला धरला नाही. फक्त त्यांना एक सवय लागली. मावशीने काहीही सांगितलं, पाणी जाणार आहे, शेजारी घर बदलतायत, की ते विचारायचे, "हे खरं, की मला तपासायला?" हसून विचारायचे. मावशीही हसायची. हसता हसता तो विनोद जुना झाला आणि मग काकांनी तो सोडून दिला.

त्यानंतर एकदा माझ्या आईला, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीला, एकाएकी दवाखान्यात न्यावं लागलं. मी मावशीला फोन केला. ती धावत आतल्या खोलीत गेली आणि काकांना म्हणाली, "धाकटीला दवाखान्यात नेलंय, चला." काका लगेच निघाले, वाटभर तिचा हात धरून होते, आई बरी होऊन घरी येईपर्यंत त्यांनी दवाखान्याचा उंबरठा सोडला नाही. आईला पुढे काही झालं नाही, ती आजही धडधाकट आहे.

पण मावशी सांगते, त्या दिवशी ती "चला" म्हणाली तेव्हा बूट घ्यायला वाकण्याआधी काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. निमिषभरच. ती काय म्हणाली ते त्यांना नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी आधी पाहिलं.